ट्यूनिंगच्या बिलावर मोजमापे का नसतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या मोटारींच्या पुनर्नोंदणीसाठी वाढवलेल्या शुल्काविषयी आपल्या दैनिकात गेल्या काही आठवड्यांत वाचकांची जी पत्रे प्रसिद्ध झाली, त्यांत दोन टोकाच्या भूमिका दिसल्या. एका बाजूचे म्हणणे असे, की वीस वर्षांपुढची प्रत्येक गाडी म्हणजे चालते धुराडे असून ती सरळ भंगारात गेली पाहिजे. दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की वर्षातून एकदा ‘फुल ट्यूनिंग’ करून घेतले आणि पीयूसीचा, म्हणजे धुराच्या तपासणीचा, कागद जवळ बाळगला, की मालकाचे कर्तव्य संपले. माझ्याकडे १९९२ सालची, कार्ब्युरेटरची (म्हणजे पेट्रोल आणि हवा यांत्रिक पद्धतीने मिसळणारी) मारुती ८०० आजही वापरात असल्यामुळे पहिल्या पक्षाच्या लेखी मी आरोपी आहे आणि दुसरा पक्ष मला आपला साक्षीदार समजेल. परंतु गेल्या उन्हाळ्यात आलेल्या अनुभवानंतर मला दोन्ही बाजू अर्धवट वाटू लागल्या आहेत, कारण ‘ट्यूनिंग’ या शब्दाखाली नेमके काय केले जाते, हे दोघांपैकी कोणीच विचारलेले नाही.

गाडीविषयी थोडे सांगतो. तिचे इंजिन ७९६ सीसीचे, तीन सिलिंडरचे आहे. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि जानेवारी २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले, म्हणजे हे मॉडेल तीस वर्षे बनत होते; पण २००० सालाच्या सुमारास कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शनची पद्धत आली आणि त्याबरोबर ठिणगी पाडणारे पॉइंट आणि कंडेन्सर, मिश्रण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू हे सारे नव्या पिढीच्या गॅरेजांतून हळूहळू नाहीसे झाले. आज पस्तिशीच्या आतल्या बहुतेक फिटरांनी या वस्तू शिकाऊ वयात हाताळलेल्या नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही. दोष असलाच तर न मोजता ‘केले’ म्हणण्याचा आहे.

झाले असे, की चौकात सिग्नलला उभी असताना गाडी थरथरू लागली, सकाळी दोन-तीनदा स्टार्टर मारल्याशिवाय सुरू होईना, चढावर पिकअप राहिला नाही आणि एका लीटरला सोळा किलोमीटर देणारी गाडी बारावर आली. एका गॅरेजात ती ‘फुल ट्यूनिंग’साठी दिली. संध्याकाळी गाडी मिळाली ती धुऊन-पुसून, इंजिनावर चमक आणणारा फवारा मारून. ४,२०० रुपयांच्या बिलात प्लग, एअर फिल्टर, इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर, ‘कार्ब्युरेटर सर्व्हिसिंग’ आणि ‘ट्यूनिंग चार्ज’ अशा नोंदी होत्या. थरथर मात्र कायम होती. ती जाणवू नये म्हणून आयडलिंगचा, म्हणजे गाडी उभी असतानाच्या फेऱ्यांचा, स्क्रू आवळून इंजिनाचे फेरे वाढवून ठेवले होते, इतकाच काय तो बदल. प्लग काढून पाहिले, तर नवे प्लग खोक्यातून काढून फट न तपासताच बसवलेले आढळले. तिघांच्या फटी तीन प्रकारच्या होत्या.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर ट्रेडचा निदेशक म्हणून आयुष्य काढले असल्याने मोजमापाशिवाय केलेले काम मला सहन होत नाही, हा माझा स्वभावदोष समजावा. मिरजेत एक वयोवृद्ध मेस्त्री आहेत. त्यांनी आता गॅरेज बंद केले आहे. पण त्यांच्याकडे सिलिंडरमधला दाब मोजणारे कॉम्प्रेशन गेज आणि ठिणगीची वेळ दाखवणारा टायमिंग लाइट अजून शाबूत आहेत. त्यांना विनंती केली आणि एका शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघांनी काम नव्याने सुरू केले. शनिवार संध्याकाळच का, तर कॉम्प्रेशन गरम इंजिनावर मोजायचे असते आणि टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हवरची मोकळीक, थंड इंजिनावर सेट करायचे असतात. मध्ये रात्र गेली पाहिजे. ज्या गॅरेजात गाडी सकाळी घेऊन त्याच दुपारी ‘टॅपेट सेटिंगसह ट्यूनिंग’ पूर्ण होते, तेथे या दोहोंपैकी एक गोष्ट चुकीच्या तापमानाला झालेली असते किंवा झालेलीच नसते.

तिन्ही प्लग काढून, कॉइलची तार सोडवून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारला, तेव्हा पहिल्या दोन सिलिंडरांत साडेअकरा आणि अकरा किलोचा दाब आला, तिसऱ्यात जेमतेम आठ. तीन सिलिंडरांच्या इंजिनात हा फरक फार मोठा आहे. मोठ्या गाडीतील चारांपैकी एक सिलिंडर कमजोर झाला, तर चौथाई ताकद अडते. येथे तिसरा हिस्सा जातो. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत तीनच ठिणग्या पडत असल्यामुळे त्यांतील एक वाया गेली, की सारी गाडी हलते. तिसऱ्या सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजले. दाब फारसा वाढला नाही. याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा ठीक होत्या आणि दाब व्हॉल्व्हमधून निसटत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी टॅपेट कव्हर उघडल्यावर कारण समोर आले. तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला मोकळीक शिल्लकच नव्हती. फट मोजण्याच्या फिलर गेजचे सर्वांत पातळ पानही व्हॉल्व्ह दाबणाऱ्या रॉकरखाली शिरेना. थंड इंजिनावर ही मोकळीक मिलिमीटरच्या दीड-दशांशाच्या आसपास असावी लागते. ती संपली, की इंजिन तापून व्हॉल्व्हचा दांडा लांबल्यावर व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकत नाही, त्याच्या कडेने जळता वायू निसटतो आणि असे बराच काळ चालले तर कड जळून सिलिंडर हेड उतरवण्याची पाळी येते.

मोकळीक संपते कशी, हे सांगितल्यावाचून राहवत नाही. काही अंशी व्हॉल्व्ह बैठकीत रुतत गेल्याने ती आपोआप कमी होते. परंतु अनेकदा आम्हा मालकांचाच तो प्रताप असतो. टॅपेट थोडे वाजले, की आपण गॅरेजात जाऊन ‘आवाज बंद करा’ असे सांगतो आणि फिटर बिचारा स्क्रू आवळून आवाज बंद करतो. गिऱ्हाईक खूश होते. वाजणारा टॅपेट कानाला त्रास देतो. न वाजणारा, जास्त आवळलेला टॅपेट मुकाट्याने व्हॉल्व्ह खातो. माझ्या गाडीचे टॅपेट दोन वर्षांपूर्वी माझ्याच सांगण्यावरून ‘शांत’ केले होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

सहाही व्हॉल्व्हची मोकळीक लावून, थोडा प्रवास करून पुन्हा दाब घेतला, तेव्हा तिसरा सिलिंडर साडेदहावर आला. कार्ब्युरेटरला अजून हातही लावला नव्हता, आणि निम्मी थरथर गेली होती.

माझा मुख्य मुद्दा हाच आहे, की ट्यूनिंगला क्रम असतो आणि तो उलटा चालत नाही. आधी दाब आणि टॅपेट, मग ठिणगी, शेवटी पेट्रोल-हवेचे मिश्रण. सध्या सर्रास घडते ते नेमके उलट. गाडी आली, की पहिला पेचकस कार्ब्युरेटरच्या स्क्रूला लागतो, कारण तो बाहेरून दिसतो आणि फिरवल्याबरोबर इंजिनाचा आवाज बदलतो. दाब किंवा ठिणगीतील दोष मिश्रणाने झाकला जातो, बरा होत नाही. आणि झाकलेल्या दोषाची किंमत पेट्रोलमधून मोजावी लागते.

ठिणगीच्या बाबतीतही अंतर्गत क्रम आहे. प्रत्येक प्लगला वीज वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटची फट माझ्या गाडीला ०.४ ते ०.५ मिलिमीटर आणि प्लगची ०.७ ते ०.८ मिलिमीटर लागते. पॉइंटची फट वाढली, की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग पुढे सरकते, म्हणजे ठिणगी लवकर पडते. फट कमी झाली, की टायमिंग मागे पडते. त्यामुळे पॉइंट आधी आणि टायमिंग नंतर, हे ठरलेले असते. आधी टायमिंग लावून मग कोणी पॉइंट घासून साफ केले, तर पहिले काम वाया गेले असे समजावे. आमच्या तपासणीत पॉइंटच्या एका बाजूला उंचवटा आणि दुसऱ्या बाजूला खड्डा पडलेला दिसला. एका टोकाचा धातू दुसऱ्यावर असा जाऊन बसू लागला, की कंडेन्सरवर संशय घ्यावा. आम्ही दोन्ही बदलले. व्हॅक्यूमची बोटभर रबरी नळी तोंडाशी चिरलेली होती. तिची किंमत चहाच्या कपापेक्षा थोडी अधिक असेल. पण तिच्यातून फुकटची हवा आत शिरत होती आणि टायमिंग पुढे नेणारी पडदी कामच करत नव्हती. चार हजारांच्या ट्यूनिंगमध्ये ती कोणालाही दिसली नाही.

डिस्ट्रिब्युटरची कॅप आणि प्लगला वीज नेणारी एचटी केबल तपासण्याची एक जुनी रीत येथे नमूद करतो, कारण तिला काही उपकरण लागत नाही. रात्री दिवे बंद करून, बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून लांबून पाहावे. केबलवरून किंवा कॅपच्या कडेने निळसर ठिणग्या पळताना दिसल्या, तर ती वीज प्लगपर्यंत पोहोचत नाही. पावसाळ्यात आंबा घाट चढताना ज्यांच्या गाड्या धुक्यात मिसिंग मारतात, म्हणजे ज्यांची ठिणगी मधूनमधून चुकते, त्यांतील अनेकांचा दोष कॅपच्या आतील केसाएवढ्या काळ्या रेषेत असतो. त्या वेळी केबलला किंवा कॅपला हात मात्र लावू नये.

टायमिंग कानाने लावणारे जुने मेस्त्री होते आणि त्यांतील काही खरोखरच अचूक लावत, हे मी नाकारत नाही. पण ज्यांच्या नावावर आज ‘कानाने लावतो’ असे सांगितले जाते, त्यांचा कान तितका तयार आहे काय, हे कोण ठरवणार? टायमिंग लाइटच्या लखलखाटात फिरती खूण स्थिर दिसते आणि ती पुस्तिकेतील अंशांवर आहे की नाही, हे मालकालाही पाहता येते. आमच्या गाडीचे टायमिंग सहा-सात अंश मागे पडलेले होते. चढावर जीव जाणे, इंजिन विनाकारण तापणे आणि पेट्रोल जास्त खाणे, या तिन्ही तक्रारींचा उगम बराचसा तेथेच होता.

तापण्यावरून आठवले. कित्येक जुन्या गाड्यांचा, इंजिनाचे तापमान राखणारा थर्मोस्टॅट ‘आपल्याकडच्या उन्हात त्याची गरज नाही’ असे सांगून काढून टाकलेला असतो आणि रेडिएटरचा पंखा थेट जोडून सतत फिरता ठेवलेला असतो. अशा गाडीचे इंजिन योग्य तापमानाला पोहोचतच नाही, पेट्रोल नीट जळत नाही आणि मग ट्यूनिंग कितीही काळजीपूर्वक केले तरी ते थंड इंजिनावरचे ट्यूनिंग ठरते.

कार्ब्युरेटर आम्ही सर्वांत शेवटी उघडला. पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटच्या भांड्यात तळाशी तपकिरी गाळ होता आणि आयडलिंगचा जेट, म्हणजे पेट्रोल जाण्याचे बारीक छिद्र, जवळजवळ बुजला होता. पितळी जेटमध्ये तार घालून छिद्र मोकळे करण्याची जी सवय आहे, ती सोडली पाहिजे. त्याने छिद्र नकळत मोठे होते आणि त्यानंतर ती गाडी जन्मभर जास्त पेट्रोल पिते. कार्ब क्लीनर आणि हवेचा दाब एवढे पुरते. जोडणी झाल्यावर इंजिन पूर्ण गरम करून, थंड इंजिनासाठी हवा अडवणारा चोक पूर्ण उघडल्याची खात्री करून, फेरे हजाराच्या आत आणून मगच मिश्रणाचा स्क्रू फिरवला. सारे आधीचे काम नीट झाले असेल, तर या स्क्रूचे काम पाच मिनिटांचे असते.

गाळाचा विषय निघाला आहे, तर पेट्रोलमधील एथेनॉलबद्दलही लिहिले पाहिजे. आम्ही सांगलीकर उसाच्या पट्ट्यात राहतो. कारखान्यांच्या आसवनीवर अनेकांची घरे चालतात आणि एथेनॉलला माझा तत्त्वतः विरोध नाही. परंतु वीस टक्के एथेनॉलचे पेट्रोल जुन्या टाकीत गेले, की वर्षानुवर्षे साचलेला चिकट थर सुटून फिल्टरकडे आणि जेटकडे येतो, एथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि पूर्वीच्या प्रकारच्या रबरी नळ्या व पंपातील पडदी त्याने फुगतात किंवा कडक होतात. त्यातच एथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो. त्यामुळे निव्वळ पेट्रोलसाठी छिद्र ठरवलेल्या कार्ब्युरेटरमधून जाणारे मिश्रण थोडे पातळ होते. इंजेक्शनच्या गाडीत संगणक हे काही प्रमाणात सावरून घेतो. कार्ब्युरेटरला ते सांगणारे कोणी नाही. एका लीटर एथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असल्यामुळे अॅव्हरेज सहा-सात टक्के घटणारच, त्यासाठी फिटरला दोष देऊ नये. मात्र प्लगची टोके बदामी न राहता पांढरट पडू लागली, तर मिश्रण जास्तच पातळ झाले आहे असे मानून स्क्रू आणि जेट पाहून घ्यावेत. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदलून एथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या घालणे हे तर ट्यूनिंगचेच नव्हे, आगीपासूनच्या सुरक्षिततेचेही काम आहे. आमच्या पंपाजवळच्या नळीला बाहेरून ओल आली होती.

आता पीयूसीकडे येतो. भारत स्टेज-२ या प्रदूषण मानकाच्या पूर्वीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत आणि हायड्रोकार्बन दशलक्षात १,५०० भागांपर्यंत चालतो. त्यानंतरच्या स्टेज-२ आणि ३ च्या गाड्यांना हीच मर्यादा अर्धा टक्का आणि ७५० भाग इतकी आहे. थरथरत असलेली माझी गाडी मी काम सुरू करण्यापूर्वी मुद्दाम पीयूसी केंद्रावर नेली होती. मोनॉक्साइड २.६ टक्के आणि हायड्रोकार्बन १,३४० निघाले, आणि एक सिलिंडर जवळजवळ निकामी असलेली गाडी रीतसर उत्तीर्ण झाली! सारे काम झाल्यावर पुन्हा तपासले, तेव्हा मोनॉक्साइड १.१ टक्के आणि हायड्रोकार्बन ३१० आले. दोन्ही कागदांवर निकाल एकच आहे; आकड्यांत मात्र मोठे अंतर आहे. तेव्हा जुन्या गाड्यांवर टीका करणाऱ्या वाचकांच्या म्हणण्यात तथ्य नाही, असे मी म्हणणार नाही. उत्तीर्ण झालेली जुनी गाडी स्वच्छ असतेच असे नाही, एवढे माझ्याच दोन कागदांनी दाखवले.

पण तेच दोन आकडे वाचता आले, तर ट्यूनिंगचे प्रगतिपुस्तक म्हणून त्यांचा उत्तम उपयोग होतो. मोनॉक्साइड जास्त असेल, तर मिश्रण जाड आहे. एअर फिल्टर, अर्धवट अडकलेला चोक आणि फ्लोट यांकडे पाहावे. मोनॉक्साइड बेताचा असून हायड्रोकार्बनच जास्त असेल, तर पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे. प्लग, केबल, व्हॉल्व्ह किंवा अतिपातळ मिश्रण यांचा विचार करावा. पीयूसीच्या आदल्या दिवशी स्क्रू आवळून मिश्रण पातळ करायचे आणि कागद मिळाल्यावर पुन्हा सैल करायचा, हा जो प्रकार चालतो, त्यात मोनॉक्साइड उतरतो, पण मिसिंगमुळे हायड्रोकार्बन बहुधा चढतो. म्हणजे कागद मिळाला, तरी आकडा चुगली करतोच. तो वाचणारा हवा.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. ज्या बिलावर ‘ट्यूनिंग चार्ज’ लिहिला जातो, त्याच बिलावर तिन्ही सिलिंडरांचा दाब, टॅपेटची मोकळीक, प्लग आणि पॉइंटची फट, टायमिंगचे अंश, आयडलिंगचे फेरे आणि कामापूर्वीचे व कामानंतरचे पीयूसीचे आकडे लिहिले जावेत. यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. गिऱ्हाइकाने गाडी देतानाच तसे सांगितले तरी सुरुवात होईल. यासाठी फिटरला जास्त वेळ लागेल आणि त्याचे पैसे आपण द्यावेत, हेही ओघानेच आले. आमच्या दुसऱ्या प्रयत्नात सुट्या भागांचा खर्च दोन हजारांच्या आत होता. बाकी सारा वेळच होता. २०२२ पूर्वी ६०० रुपये असलेले पुनर्नोंदणीचे शुल्क त्या वर्षी ५,००० झाले आणि वीस वर्षांपुढच्या मोटारींसाठी २०२५ मध्ये १०,००० झाले. एवढी रक्कम दर पाच वर्षांनी भरणाऱ्या मालकाला मोजमापाचे चार-पाचशे रुपये जड वाटू नयेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मोटर मेकॅनिकच्या कार्यशाळांत शिकवण्यासाठी ठेवलेली जुनी कार्ब्युरेटरची इंजिने अद्याप आहेत; गावातील फिटरांसाठी आणि मालकांसाठी त्यांवर दोन रविवारचे वर्ग घेता येतील, आणि माझ्या प्रकृतीला झेपेल तोवर मी त्यासाठी विनामूल्य यायला तयार आहे.

आणखी एक सूचना, जिची मला स्वतःलाही आठवण ठेवायची आहे. नव्या पॉइंटचा फायबरचा पाय पहिल्या हजार किलोमीटरांत भराभर झिजतो, फट कमी होते आणि टायमिंग आपोआप मागे सरकते. त्यामुळे हजार किलोमीटरला फट पुन्हा मोजावी लागते आणि कॅमवर ग्रीसचा अगदी छोटा ठिपका द्यावा लागतो. आमची गाडी काम झाल्यापासून ८७० किलोमीटर चालली आहे. पुढच्या रविवारी मेस्त्री पुन्हा येणार आहेत.

आपला नम्र,
एक निवृत्त शिल्पनिदेशक, सांगली